कम्युनिस्ट जाहीरनामा

कम्युनिस्ट जाहीरनामा : आधुनिक साम्यवादी चळवळीचा पायाभूत वैचारिक दस्तऐवज. कार्ल मार्क्स (१८१८–८३) आणि फ्रीड्रिख एंगेल्स (१८२०–९५) या जर्मन विचारवंतांनी तो ‘कम्युनिस्ट लीग’ या संघटनेसाठी सिद्ध केला. फेब्रुवारी १८४८ मध्ये लंडन येथे जर्मन भाषेत तो प्रथम प्रसिद्ध झाला. त्याचे मूळ शीर्षक ‘कम्युनिस्ट पक्षाचा जाहीरनामा’ असे होते. तेवीस पृष्ठांच्या या पुस्तिकेवर लेखकांची नावे नव्हती. लेखनाच्या वेळी मार्क्सचे वय २९, तर एंगेल्सचे २७ वर्षांचे होते.

जाहीरनाम्यात तीन भिन्न गोष्टी एकत्र आल्या आहेत : भांडवलशाही समाजाचे विश्लेषण, त्या समाजाच्या भवितव्याविषयीचे भाकीत आणि तत्कालीन परिस्थितीत योजावयाच्या उपायांचा कार्यक्रम. या तिहींचे आयुष्य सारखे ठरले नाही. कार्यक्रम पंचवीस वर्षांच्या आत जुना झाल्याचे लेखकांनी स्वतःच मान्य केले. भाकितातील बराच भाग इतिहासाने खरा ठरविला नाही. विश्लेषणाला मात्र आजही अभ्यासकांना वारंवार सामोरे जावे लागते. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे जाहीरनाम्याला कोणी धर्मग्रंथासारखा प्रमाण मानला, तर कोणी तो कालबाह्य म्हणून बाजूला सारला. त्याचे यथार्थ मूल्यमापन करण्यासाठी तो कोणत्या प्रसंगी व कोणासाठी लिहिला गेला, हे प्रथम पाहणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औद्योगिक क्रांतीने इंग्लंडच्या समाजजीवनाचे स्वरूप पालटून टाकले होते. मँचेस्टरसारख्या शहरांत कापडगिरण्यांभोवती कामगारांच्या दाट व गलिच्छ वस्त्या वाढल्या. एंगेल्सने १८४२ ते १८४४ या काळात मँचेस्टर येथील आपल्या वडिलांच्या भागीदारीतील सूतगिरणीत काम करीत असताना ही परिस्थिती जवळून पाहिली व १८४५ मध्ये इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. याच सुमारास कामगारांच्या असंतोषाला संघटित रूप येत होते. इंग्लंडमध्ये १८३८ पासून सनदवाद्यांची (चार्टिस्टांची) चळवळ प्रौढ पुरुषांच्या मताधिकाराची मागणी करीत होती. फ्रान्समधील ल्यों येथील रेशीम विणकरांनी १८३१ व १८३४ मध्ये, तर प्रशियाच्या सायलीशिया प्रांतातील विणकरांनी १८४४ मध्ये उठाव केला. १८४५ पासून बटाट्यावरील रोगामुळे व पुढे नापिकीमुळे अन्नटंचाई निर्माण झाली आणि १८४७ मध्ये व्यापारात तीव्र मंदी आली.

जर्मनी त्या वेळी अनेक लहानमोठ्या राज्यांत विभागलेला होता आणि तेथे मुद्रण व संघटना यांवर कडक निर्बंध होते. त्यामुळे अनेक जर्मन लेखक व कारागीर पॅरिस, ब्रूसेल्स व लंडन येथे आश्रयास गेले होते. अशा कारागिरांनी १८३६ मध्ये पॅरिस येथे ‘न्यायनिष्ठांचा संघ’ ही गुप्त संघटना स्थापन केली. व्हिल्हेल्म वाइटलिंग हा शिंपी तिचा आरंभीचा प्रमुख विचारवंत होता. सर्व माणसे बंधू आहेत, हे संघाचे ब्रीद होते. ओग्यूस्त ब्लांकी या फ्रेंच क्रांतिकारकाच्या नेतृत्वाखाली मे १८३९ मध्ये पॅरिसमध्ये झालेला उठाव फसला. त्यानंतर कार्ल शापर व हाइन्रिख बाउअर या संघाच्या पुढाऱ्यांना फ्रान्समधून हद्दपार करण्यात आले. त्यांनी १८४० मध्ये योझेफ मोल या घड्याळजीच्या व इतर सहकाऱ्यांच्या साहाय्याने लंडनमध्ये जर्मन कामगारांची शिक्षणसंस्था काढली आणि संघाचे केंद्र हळूहळू तेथे सरकले.

संघाचे सभासद बहुतांशी शिंपी, चांभार, सुतार, घड्याळजी यांसारखे हातकारागीर होते. कारखान्यातील कामगार त्यांत फारसे नव्हते. ज्या वर्गाला जाहीरनाम्याने भविष्याचा शिल्पकार ठरविले, तो वर्ग जर्मनीत नुकता कोठे आकारास येत होता. यंत्रोद्योगामुळे ज्यांचे धंदे बुडू लागले होते, अशा माणसांसाठी हा दस्तऐवज लिहिला गेला. गेलेले दिवस परत येणार नाहीत, असेच त्याने त्यांना सांगितले.

लेखन व प्रकाशन : फ्रान्समधून घालवून दिल्यानंतर मार्क्स फेब्रुवारी १८४५ पासून ब्रूसेल्समध्ये राहत होता. तेथे १८४६ च्या आरंभी त्याने व एंगेल्सने निरनिराळ्या देशांतील समाजवाद्यांशी पत्रव्यवहार ठेवणारी एक समिती स्थापन केली. १८४७ च्या आरंभी संघाच्या वतीने मोलने ब्रूसेल्स येथे मार्क्सची व पॅरिस येथे एंगेल्सची भेट घेऊन त्यांना संघात येण्याची विनंती केली. जून १८४७ मध्ये लंडनला भरलेल्या परिषदेत संघाचे नाव बदलून ‘कम्युनिस्ट लीग’ असे ठेवण्यात आले. एंगेल्स या परिषदेस उपस्थित होता. पैशांअभावी मार्क्सला मात्र जाता आले नाही. बंधुत्वाच्या जुन्या ब्रीदाऐवजी सर्व देशांतील कामगारांना एकजुटीचे आवाहन करणारे घोषवाक्य स्वीकारले गेले आणि ते सप्टेंबर १८४७ मध्ये लीगच्या नियतकालिकावर छापण्यात आले. जाहीरनाम्याचा समारोप ज्या आवाहनाने होतो, ते अशा रीतीने जाहीरनाम्याच्या आधीच प्रचारात आले होते.

लीगच्या तत्त्वांचा मसुदा प्रथम ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पुस्तकांप्रमाणे प्रश्नोत्तररूपात तयार करण्यात आला. एंगेल्सने १८४७ च्या शरद ऋतूत साम्यवादाची तत्त्वे या नावाने त्याचा पंचवीस प्रश्नांचा सुधारित पाठ लिहिला. तथापि या विवेचनात इतिहासाचे निरूपण अपरिहार्य असल्याने प्रश्नोत्तरांचा साचा त्यास सोयीचा नाही, म्हणून तो सोडून त्याला जाहीरनामा म्हणावे, असे त्यानेच नोव्हेंबर १८४७ मध्ये मार्क्सला पत्राने सुचविले. नोव्हेंबरअखेर सुरू झालेल्या लीगच्या दुसऱ्या परिषदेत दीर्घ चर्चेनंतर दोघांवर लेखनाची जबाबदारी सोपविण्यात आली. काम लांबत गेल्यामुळे जानेवारी १८४८ च्या अखेरीस लंडनच्या मध्यवर्ती समितीने मार्क्सला निर्वाणीचे पत्र धाडून १ फेब्रुवारीची मुदत घातली. अंतिम पाठ मार्क्सने लिहिला, परंतु एंगेल्सच्या मसुद्यातील अनेक विचार त्यात उतरले आहेत. मूलभूत कल्पना मार्क्सची आहे, असे एंगेल्सने पुढे नमूद केले. मूळ हस्तलिखिताचे केवळ एकच पृष्ठ आज उपलब्ध असून ते ॲम्स्टरडॅम येथील सामाजिक इतिहासाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत जतन करण्यात आले आहे. युनेस्कोने २०१३ मध्ये त्याचा जागतिक स्मृतिपटात समावेश केला.

पुस्तिका छापून निघत असतानाच २२ ते २४ फेब्रुवारी १८४८ या दिवसांत पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि तिचे लोण युरोपभर पसरले. या क्रांतीस जाहीरनामा कारणीभूत झाला, ही समजूत चुकीची आहे. त्या वर्षीच्या घटनांवर त्याचा प्रभाव नगण्य होता. १८४९ पर्यंत बहुतेक उठाव दडपले गेले. १८५२ मध्ये कोलोन येथील खटल्यात लीगच्या सभासदांना शिक्षा झाल्या व त्याच वर्षी लीग विसर्जित झाली. त्यानंतर सुमारे दोन दशके जाहीरनामा जवळजवळ विस्मृतीत गेला होता.

आशय : छोट्या प्रास्ताविकानंतर जाहीरनाम्याचे चार विभाग आहेत. प्रास्ताविकात साम्यवादाच्या भयाने युरोपातील सत्ताधीश एकवटले असल्याचा निर्देश असून, साम्यवाद्यांनी आपली मते उघडपणे मांडण्याची वेळ आली आहे, असे म्हटले आहे. गुप्त कटांच्या परंपरेतून आलेल्या संघटनेच्या दृष्टीने ही भूमिका महत्त्वाची होती.

पहिल्या विभागात भांडवलदार व श्रमिक या दोन वर्गांचा ऐतिहासिक विकास सांगितला आहे. प्रत्येक समाजात उत्पादनाच्या साधनांवर मालकी असणारे व नसणारे यांच्यात संघर्ष चालतो आणि त्यातून इतिहास घडतो, हे त्याचे मुख्य सूत्र होय. सरंजामशाहीच्या उदरातच भांडवलदारवर्ग वाढला. सागरी मार्गांचे शोध, वसाहतींचा व्यापार, वाफेची शक्ती व यंत्रे यांच्या जोरावर त्याने जुनी समाजव्यवस्था मोडून काढली. या वर्गाच्या कर्तृत्वाचे वर्णन जाहीरनाम्यात जवळजवळ गौरवाच्या भाषेत आले आहे. त्याने जगाची एकच बाजारपेठ बनविली, दूरदूरच्या देशांना परस्परावलंबी केले, शहरे वाढविली आणि पूर्वीच्या सर्व पिढ्यांहून प्रचंड उत्पादनशक्ती निर्माण केली. सतत नवे तंत्र आणल्यावाचून त्याला टिकून राहता येत नाही. त्यामुळे स्थिर वाटणारे संबंध, श्रद्धा व व्यवसाय उन्मळून पडतात आणि मानवी व्यवहारांना रोकड देण्याघेण्याचे रूप येते.

तथापि या शक्ती भांडवलशाहीच्या मालमत्तासंबंधांच्या चौकटीत मावेनाशा होतात. ठराविक काळाने अतिउत्पादनाची अरिष्टे येतात. गोदामे मालाने भरलेली असताना माणसे बेकार व उपाशी राहतात. शिवाय कारखान्यांत कामगारांना एकत्र आणून भांडवलदारवर्ग स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याला संघटित होण्याची संधी देतो. लहान दुकानदार, कारागीर व शेतकरी हळूहळू कामगारांच्या पंक्तीत येऊन पडतील, समाज दोन तटांत विभागला जाईल आणि अखेरीस कामगारवर्ग सत्ता हस्तगत करील, असे येथे भाकीत केले आहे.

दुसऱ्या विभागात साम्यवाद्यांवरील आक्षेपांना उत्तरे दिली आहेत. खाजगी मालमत्ता नष्ट करावयाची म्हणजे माणसाच्या नित्य वापरातील वस्तू हिरावून घ्यावयाच्या असे नव्हे. दुसऱ्याच्या श्रमांवर हुकमत गाजविण्याची शक्ती देणारी भांडवली मालमत्ताच येथे अभिप्रेत आहे. कुटुंब, शिक्षण व राष्ट्र यांविषयीच्या प्रचलित कल्पनांनाही वर्गीय आधार असल्याचे प्रतिपादन करून अंतिम उद्दिष्ट म्हणून असा समाज कल्पिला आहे, की ज्यात प्रत्येकाच्या मुक्त विकासावर सर्वांचा मुक्त विकास अवलंबून असेल.

तिसऱ्या विभागात समकालीन समाजवादी पंथांचे परीक्षण आहे. सरंजामी समाजवाद, सीस्माँदीप्रणीत लघुभांडवली समाजवाद, जर्मनीतील भावुक समाजवाद आणि प्रूदाँसारख्यांचा सुधारणावाद यांवर टीका केली असून, साँ-सीमाँ, फूर्ये व रॉबर्ट ओएन यांच्या स्वप्नरंजनात्मक समाजवादाविषयी मात्र काहीसा आदर व्यक्त केला आहे. प्रचलित समाजावरील त्यांची टीका मोलाची आहे. परंतु नवा समाज कोणत्या शक्तीने घडवावयाचा, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते, असा त्याचा मथितार्थ होय. चौथ्या विभागात निरनिराळ्या देशांतील विरोधी पक्षांशी साम्यवाद्यांनी कसे संबंध ठेवावेत, याचे संक्षिप्त विवेचन आहे.

दहा उपाय : दुसऱ्या विभागाच्या अखेरीस प्रगत देशांत सामान्यतः लागू करता येतील असे दहा उपाय दिले आहेत. जमिनीवरील खाजगी मालकी रद्द करून खंडाचे उत्पन्न सार्वजनिक कार्यास लावणे, चढत्या दराचा प्राप्तिकर, वारसाहक्काचे उच्चाटन, देश सोडून गेलेल्या व बंडखोर व्यक्तींच्या मालमत्तेची जप्ती, राष्ट्रीय बँकेमार्फत पतपुरवठ्याचे केंद्रीकरण, दळणवळणाची साधने राज्यसंस्थेच्या हाती घेणे, सरकारी कारखान्यांची वाढ व पडीक जमिनींची लागवड, सर्वांवर श्रम करण्याचे सारखे बंधन, शेती व उद्योग यांची सांगड घालून शहर व खेडे यांतील भेद कमी करणे आणि मुलांना मोफत सार्वजनिक शिक्षण व कारखान्यांतील बालमजुरीस बंदी, हे ते उपाय होत.

यांपैकी काही उपाय पुढे समाजवादी नसलेल्या राज्यांनीही आपापल्या कारणांसाठी स्वीकारले. चढत्या दराचा प्राप्तिकर व मोफत प्राथमिक शिक्षण ही आज अनेक देशांच्या कारभाराची नित्याची अंगे आहेत. भारतात १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. उलट, मृत व्यक्तीच्या संपत्तीवरील कर भारताने १९५३ मध्ये बसविला व १९८५ मध्ये रद्द केला. लेखकांनी हे उपाय कायमचे सिद्धांत म्हणून मांडले नव्हते. मार्च १८४८ मध्ये म्हणजे सुमारे एका महिन्यातच त्यांनी जर्मनीसाठी सतरा मागण्यांचे वेगळे पत्रक काढले.

लेखकांनी केलेल्या दुरुस्त्या : १८७२ मध्ये लाइपसिक येथे आउगुस्ट बेबेल व व्हिल्हेल्म लीप्क्नेख्ट या समाजवादी पुढाऱ्यांवर राजद्रोहाचा खटला चालला. त्यात फिर्यादी पक्षाने जाहीरनामा पुरावा म्हणून सादर केल्याने तो न्यायालयाच्या दप्तरात आला आणि त्याचे पुनर्मुद्रण करणे सुलभ झाले. त्या वर्षीच्या जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत लेखकांनी दहा उपायांचा भाग आता अनेक बाबतींत जुना झाल्याचे सांगितले. विशेषतः १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या अनुभवावरून, तयार राज्ययंत्रणा जशीच्या तशी ताब्यात घेऊन कामगारवर्गाला आपले हेतू साध्य करता येणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मात्र ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून मूळ मजकुरात फेरफार करण्याचा अधिकार आपणास नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. १८८२ च्या रशियन आवृत्तीच्या प्रस्तावनेत रशियातील ग्रामसमूहाच्या सामाईक जमीनमालकीचा प्रश्न त्यांनी विचारात घेतला. रशियन क्रांतीला पश्चिमेतील कामगारक्रांतीची जोड मिळाल्यास ही मालकी साम्यवादी विकासाचा आरंभबिंदू होऊ शकेल, असे त्यांनी म्हटले. प्रत्येक देशाने इंग्लंडच्याच वाटेने गेले पाहिजे, हा ग्रह येथे शिथिल झालेला दिसतो. १८८८ च्या इंग्रजी आवृत्तीत एंगेल्सने टीप जोडून, वर्गसंघर्षाचे सूत्र लिखित इतिहासालाच लागू असल्याचे स्पष्ट केले.

अर्थशास्त्राच्या बाबतीतही जाहीरनामा मार्क्सच्या विचारांचा आरंभीचा टप्पा दर्शवितो. वरकड मूल्याचा सिद्धांत त्यात नाही. मजुरी नेहमी किमान निर्वाहाच्या पातळीकडे घसरते, हे त्यातील मत पुढे मार्क्सने बदलले. मजुरी ठरण्यात ऐतिहासिक व सामाजिक घटकही असतात आणि कामगारसंघ ती वाढवू शकतात, असे त्याने १८६५ मध्ये प्रतिपादन केले. कामगारवर्गाची हुकूमशाही हा बहुचर्चित शब्दप्रयोगही जाहीरनाम्यात आढळत नाही. मार्क्सच्या लेखनात तो १८५० पासून येतो. अर्थात कामगारवर्गाने राज्यसत्ता हाती घेऊन मालमत्तेच्या हक्कांवर बळाने घाला घालावा, हा विचार जाहीरनाम्यात आहे.

प्रसार : जाहीरनाम्याचा स्वीडिश अनुवाद १८४८ मध्येच झाला. हेलन मॅकफार्लेन हिने केलेले पहिले इंग्रजी भाषांतर १८५० मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकात आले व त्या वेळी लेखकांची नावे प्रथमच जाहीर झाली. रशियन भाषांतर १८६९ मध्ये जिनीव्हा येथे निघाले व १८८२ मध्ये प्लेखानॉव्हने नवे भाषांतर केले. १८८८ मधील सॅम्युएल मूर याचे इंग्रजी भाषांतर एंगेल्सने तपासलेले असल्याने प्रमाण मानले जाते. जपानी भाषांतर १९०४ मध्ये, तर संपूर्ण चिनी भाषांतर १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. रशियातील १९१७ च्या क्रांतीनंतर त्याचा प्रसार जगातील बहुतेक प्रमुख भाषांत झाला.

जाहीरनामा प्रसिद्ध झाला तेव्हा मुंबईत आगगाडी नव्हती, कापडगिरणीही नव्हती. मुंबई–ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला आणि १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी गिरणीची कंपनी स्थापन केली. पुढील पाऊणशे वर्षांत मुंबई हे मोठे गिरणगाव बनले. त्यामुळे रशियन क्रांतीनंतर जाहीरनाम्यातील विचारांना येथे श्रोते लाभले. श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२१ मध्ये गांधी व लेनिन यांची तुलना करणारी इंग्रजी पुस्तिका लिहिली आणि १९२२ मध्ये मुंबईत समाजवादी साप्ताहिक सुरू केले. १९२८ च्या प्रदीर्घ गिरणीसंपातून गिरणी कामगार युनियन ही लढाऊ संघटना पुढे आली. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या आरोपाखाली देशभरातील कामगार पुढाऱ्यांना अटक झाली. त्यांत मुंबईच्या अनेक कार्यकर्त्यांचा समावेश होता. त्यांपैकी गंगाधर अधिकारी यांनी जाहीरनाम्याचे मराठी भाषांतर केले. बंगालीत सौम्येंद्रनाथ टागोर यांनी तो आणला.

मुंबईच्या गिरण्यांतच जाहीरनाम्यातील वर्गविचाराची एक मर्यादाही उघड झाली. विणकामाच्या खात्यात मजुरी अधिक असे. पण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागत असल्यामुळे विटाळाच्या कल्पनेपोटी अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेतले जात नसे. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या वेळी या अन्यायाकडे लक्ष वेधले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांमध्येच चढत्या-उतरत्या श्रेणी पाडणारी व्यवस्था आहे आणि तिचा विचार केल्यावाचून भारतातील समाजवाद्यांना पुढे जाता येणार नाही, असे त्यांनी १९३६ मध्ये जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील आपल्या भाषणात दाखवून दिले. तथापि कामगारांच्या समान हितासाठी त्यांनी साम्यवाद्यांना सहकार्यही केले. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत झालेला एक दिवसाचा संप हे त्याचे उदाहरण होय. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथील भाषणात त्यांनी शोषणाचा अंत हे मार्क्सचे उद्दिष्ट बुद्धाच्या शिकवणुकीशी ताडून पाहिले आणि हिंसा व हुकूमशाही यांचा मार्ग नाकारला.

टीका : जाहीरनाम्यावरील पहिली महत्त्वाची टीका समाजवादी चळवळीतूनच झाली. जर्मन विचारवंत एडुआर्ट बर्नश्टाइन याने १८९९ मध्ये दाखविले, की मध्यमवर्ग नष्ट होत नसून त्याचे स्वरूप बदलत आहे, कामगारांची स्थिती काही प्रमाणात सुधारत आहे आणि मताधिकाराच्या साहाय्याने क्रमाक्रमाने परिवर्तन घडविता येईल. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच जर्मन समाजवाद्यांनी संसदेत युद्धकर्जाच्या बाजूने मतदान केले. राष्ट्रभावना वर्गभावनेहून दुबळी ठरेल, ही अपेक्षा त्यामुळे फोल ठरली. १९१७ मध्ये रशियात व १९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी सत्तेवर आले. दोन्ही देश शेतीप्रधान होते. इंग्लंडसारख्या औद्योगिक देशात अशी क्रांती झाली नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप जाहीरनाम्याच्या नावाने स्थापन झालेल्या राजवटींसंबंधी आहे. सोव्हिएट रशियात एकपक्षीय सत्ता, सक्तीचे सामुदायिकीकरण, श्रमछावण्या व विचारस्वातंत्र्याची गळचेपी यांमुळे असंख्य माणसांना प्राणास मुकावे लागले. १९८९ मध्ये पूर्व युरोपातील व १९९१ मध्ये सोव्हिएट संघातील साम्यवादी राजवटी कोसळल्या. सत्ता व उत्पादनसाधने एकाच राज्यसंस्थेच्या हाती एकवटल्यास तिच्यावर अंकुश कोणाचा राहील, या प्रश्नाचा जाहीरनाम्यात विचार नाही. वर्ग नाहीसे झाले, की राजकीय सत्तेचे दमनकारी स्वरूपही नाहीसे होईल, असे त्यात गृहीत धरले आहे. दुसऱ्या बाजूने, व्यक्तीच्या मुक्त विकासाचे जे उद्दिष्ट त्याने सांगितले, त्याच कसोटीवर या राजवटींचे अपयश मोजता येते, हेही तितकेच खरे. स्त्रियांच्या घरकामाचा आर्थिक विचार त्यात नाही, वसाहतींतील समाजांकडे पाहण्याची दृष्टी युरोपकेंद्री आहे आणि निसर्गावरील मानवी विजयाचे केवळ कौतुक आहे, हे आक्षेपही अलीकडील अभ्यासकांनी घेतले आहेत.

आजचे महत्त्व : सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर जाहीरनाम्याचा इतिहास संपला, असे अनेकांस वाटले. प्रत्यक्षात १९९८ मध्ये त्याच्या दीडशेव्या वर्षानिमित्त आणि पुन्हा २००८ च्या जागतिक आर्थिक अरिष्टानंतर त्याकडे नव्याने लक्ष वेधले गेले. याचे कारण त्यातील विश्लेषणात आहे. भांडवलाची जगभर होणारी हालचाल, एका देशातील अरिष्टाचा दुसऱ्या देशांवर होणारा परिणाम, नव्या तंत्रामुळे जुन्या व्यवसायांचा ऱ्हास आणि जीवनाच्या प्रत्येक अंगाला येणारे विक्रेय वस्तूचे रूप ही लक्षणे १८४८ मध्ये थोड्याच प्रदेशांत दिसत होती. आज ती सार्वत्रिक झाली आहेत. जाहीरनाम्याने त्यांचा परस्परसंबंध एका सूत्रात गोवला, हे त्याचे टिकाऊ यश होय.

कामगाराची अनिश्चितता हा त्यातील दुसरा मुद्दाही कालबाह्य झालेला नाही. कारखान्यात एकत्र येणारा कामगार हा जाहीरनाम्याच्या आशेचा आधार होता. आज मोबाइलवरील आज्ञेनुसार घरोघर माल पोहोचविणाऱ्या किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या कामगारांना कायमची नोकरी नसते व एकत्र काम करण्याची जागाही नसते. भारतात २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची कायदेशीर व्याख्या करण्यात आली. विखुरलेल्या श्रमिकांनी संघटित कसे व्हावे, याचे उत्तर १८४८ च्या मजकुरात मिळणार नाही. परंतु त्यांच्या श्रमांचे फळ कोणाला मिळते आणि त्यांच्या कामाच्या अटी कोण ठरवितो, हे प्रश्न विचारण्याची रीत त्यात आढळते.

मजकूर न बदलता प्रस्तावनेत त्याच्या उणिवा नमूद करावयाच्या, हा मार्क्स व एंगेल्स यांनी घालून दिलेला पायंडा जाहीरनाम्याच्या वाचकासही उपयोगी पडणारा आहे. आज तो समाजरचनेचा तयार आराखडा म्हणून स्वीकारता येत नाही. मात्र आर्थिक सत्ता व मानवी स्वातंत्र्य यांच्या संबंधाविषयी त्याने उपस्थित केलेले प्रश्न अनुत्तरित आहेत आणि म्हणूनच आधुनिक समाजाच्या अभ्यासात त्याचे स्थान कायम राहिले आहे.